रे. एडवर्ड स्टोन व वाळुंजाची साल

इंग्लंडातील ऑक्सफर्डशायर परगण्यात चिपिंग नॉर्टन नावाचे एक लहानसे बाजाराचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास तेथे रे. एडवर्ड स्टोन नावाचे धर्मोपदेशक राहत असत. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीचा इतिहास ज्या ज्या ग्रंथात सांगितला आहे, त्या त्या ग्रंथाच्या आरंभी ह्यांचे नाव येते, आणि त्यामुळे वैद्यकशास्त्र जाणणाऱ्यांत ते सर्वत्र प्रसिद्ध आहेत. पण खरे पाहता अ‍ॅस्पिरिनचा शोध त्यांनी लावला नाही, व तशा औषधाची त्यांस कल्पनाही नव्हती. ते शोधीत होते हिवतापावरचे औषध. आपल्या परिसरातील एका झाडाची साल त्यांनी पाच वर्षे रोग्यांस देऊन पाहिली, आणि औषध सापडले अशी त्यांची खात्री झाली. ती खात्री बरोबर नव्हती. तरीसुद्धा त्यांनी ही परीक्षा कशी केली हे आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. कारण कडू काढा आणि उतरलेला ताप ह्यांची जोडी आपल्या गावोगावीही आहे, आणि ताप उतरला म्हणजे रोग गेला असे समजून कित्येक माणसे अजूनही जिवास मुकतात.

स्टोन ह्यांचा जन्म १७०२ साली बकिंगहॅमशायर परगण्यातील प्रिन्सेस रिसबरो येथे झाला. १७२० साली ते ऑक्सफर्ड येथील वॉडम कॉलेजात दाखल झाले. पुढे त्यांस दीक्षा मिळाली, व त्याच कॉलेजाचे ते फेलो झाले. फेलोने अविवाहित असावे असा त्या काळी नियम होता. १७४१ साली त्यांनी विवाह केला, तेव्हा ती जागा त्यांस सोडावी लागली. १७४५ पासून चिपिंग नॉर्टनजवळील ब्रुअर्न येथील सर जोनाथन कोप ह्यांच्या घराण्याचे ते चॅप्लेन होते. शिवाय परगण्यातील न्यायाधिशीचे मानाचे कामही त्यांजकडे होते. गणित व ज्योतिष ह्यांची त्यांस मोठी आवड होती. १७६१ साली शुक्र सूर्यबिंबावरून गेला, त्या योगांचे गणित समजावून देणारा एक ग्रंथ त्यांनी १७६३ साली प्रसिद्ध केला. वैद्यकाचे शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नव्हते.

इंग्लंडसारख्या थंड देशात हिवताप कोठून आला, असे एखादा वाचक विचारील. तर त्या काळी केंट, एसेक्स इत्यादी परगण्यांतील दलदलीच्या प्रदेशांत आणि नदीकाठच्या ओलसर गावांत पाळीचा ताप नित्याचा होता. थंडी वाजून अंग थरथरावे, मग ताप भडकावा, मग घाम येऊन तो उतरावा, आणि एक दिवस बरा गेल्यावर पुन्हा तीच पाळी यावी, हे जे आपण पाहतो तेच तेथील लोकही पाहत होते. दलदलीतील दूषित हवेने हा रोग होतो अशी सर्वांची समजूत होती. डासाकडे सहसा कोणाचे लक्ष गेले नव्हते.

ह्या तापावर एक औषध मात्र ठाऊक होते, आणि ते खरोखरीचे होते. दक्षिण अमेरिकेतील उंच पर्वतांवर सिंकोनाची झाडे होतात. त्यांच्या सालीची पूड सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांच्या द्वारे युरोपात आली. पेरू देशातली साल असे तिला म्हणत. हा पेरू म्हणजे आपल्या मळ्यातले फळ नव्हे. जेझुइटांची पूड म्हणून इंग्लंडातील कित्येक प्रॉटेस्टंट लोकांनी ती संशयाने दूर ठेविली, आणि मग रॉबर्ट टॅल्बर नावाच्या चतुर मनुष्याने तीच पूड आपले गुप्त औषध म्हणून देऊन राजा दुसरा चार्लस ह्यास बरे केले! पंथाच्या अभिमानापायी औषध नाकारावे, आणि नाव बदलले की तेच घ्यावे, हा मनुष्यस्वभाव सर्व देशांत सारखाच दिसतो. स्टोन ह्यांच्या काळापर्यंत हा संशय मावळला होता. परंतु साल समुद्रापलीकडून येई, महाग असे, आणि तीत भेसळही पुष्कळ होई. शेतमजुराच्या झोपडीत ती पोचणे कठीण होते.

इ. स. १७५७ च्या सुमारास स्टोन ह्यांनी सहज म्हणून विलो नावाच्या झाडाची साल चाखून पाहिली. हा विलो म्हणजे आपल्याकडे नदीनाल्यांच्या काठी उगवणाऱ्या वाळुंजाचा जातभाई होय. बाबेलच्या नद्यांकाठी ज्या झाडांवर बंदिवानांनी वीणा टांगल्या, त्यांसही आपल्या मराठी स्तोत्रसंहितेत वाळुंजच म्हटले आहे. साल अत्यंत कडू लागली, आणि तो कडूपणा त्यांस सिंकोनाच्या कडूपणासारखा वाटला. तेव्हा त्यांच्या मनात आले की, चव जर सारखी, तर गुणही सारखा का नसावा?

ह्या तर्कास दुसऱ्या एका विचाराने जोर आला. विलो ओलसर जागी वाढतो, आणि पाळीचा तापही ओलसर जागीच फार. जेथे दुखणे तेथेच जवळपास त्याचे औषध असते, असा एक जुना समज होता. देवाच्या योजनेत असे असावे, ह्या विचाराचा आपल्या मनावर थोडासा परिणाम झाला, हे स्टोन ह्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले. त्यांचा हा मोकळेपणा आम्हांस फार आवडतो. कारण त्याच विचाराची दुसरी बाजूही त्यांनी झाकून ठेविली नाही. झाड इतके विपुल आहे, तेव्हा सर्वसाधारण रोगावर सर्वसाधारण औषध असावे हे योग्यच, असे एकीकडे दिसते. पण दुसरीकडे, इतक्या विपुल झाडात जर खरोखर काही गुण असता, तर तो आजवर कोणाच्या लक्षात आल्यावाचून कसा राहिला? औषधांचे व वनस्पतींचे ग्रंथ त्यांनी चाळले, पण तापावर ह्या सालीचा उपयोग त्यांस कोठे आढळला नाही. आता एकच मार्ग उरला, तो म्हणजे देऊन पाहणे.

त्या उन्हाळ्यात त्यांनी जवळजवळ एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडी कमी, साल गोळा केली. ती पिशवीत भरून पाव भाजणाऱ्याच्या भट्टीच्या बाहेरील अंगास तीन महिन्यांहून अधिक काळ वाळत ठेविली. मग कुटून व चाळून पूड केली. लवकरच एक तापाचा रोगी मिळाला. पदार्थ अनोळखी, म्हणून आरंभी सुमारे २० ग्रेन, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या किंचित वर, इतकीच पूड दोन पाळ्यांच्या मधल्या काळात दर चार तासांनी दिली, आणि परिणामावर बारकाईने लक्ष ठेविले. पाळ्या सौम्य झाल्या, पण थांबल्या नाहीत. काही अपाय दिसला नाही, तेव्हा थोड्या दिवसांनी प्रमाण दुप्पट केले, आणि ताप येण्याचे बंद झाले. पुढे आणखी रोग्यांवर अनुभव घेता, दर वेळी एक ड्रॅम, म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम पूड दिल्यास गुण अधिक चांगला येतो, असे त्यांस दिसून आले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळचे वैद्य औषध देण्यापूर्वी रोग्याचे रक्त काढीत, त्यास वांती करवीत, रेच देत. स्टोन ह्यांनी ह्यांतले काहीएक केले नाही. पूड पाण्याबरोबर, चहाबरोबर किंवा हलक्या बिअरबरोबर दिली, एवढेच. हेतू हा की, जो काही गुण येईल तो ह्या पुडीचाच आहे की दुसऱ्या कशाचा आहे, ह्याविषयी घोटाळा राहू नये. एका औषधात दहा मुळ्या घालून, वर उपास करवून आणि शेवटी गंडा बांधून रोगी बरा झाला, तर कशाने बरा झाला हे सांगणार कोण? वैद्यकाची पदवी नसलेल्या ह्या गृहस्थांस जे सुचले, ते त्या काळच्या पुष्कळ पदवीधरांस सुचले नव्हते.

पाच वर्षांत सुमारे ५० माणसांस ही साल दिली गेली. बहुतेक सर्व बरे झाले असे त्यांनी नमूद केले. मात्र काही थोड्यांस पूर्ण गुण आला नाही, आणि तेही त्यांनी लपविले नाही. हे रोगी शरद ऋतूतील तापाचे, किंवा चातुर्थिक म्हणजे चौथ्या दिवशी फिरून येणाऱ्या तापाचे, आणि दीर्घकाळ पिडलेले होते. त्यांचा ताप पुष्कळ उतरला, पण पाळीची वेळ आली की रोगाची चुणूक दिसेच. कितीही पूड दिली तरी तिची शक्ती त्यापुढे जाईना. ह्या रोग्यांचा ताप पुन्हा पूर्वीच्या जोराने उसळेल असे स्टोन ह्यांस वाटले. परंतु पुढे काय होते ते पाहत ते थांबले नाहीत. त्यांनी पुडीत पाचवा हिस्सा सिंकोनाची साल मिसळली, आणि ताप गेला. भाड्याच्या घोडागाडीवर काम करणाऱ्या एका पोराचीही हकीगत त्यांनी दिली आहे. तो एकांतऱ्या तापातून जवळजवळ उठला होता. पण पोटासाठी गाडीवर गेला, पूड घेण्याचे राहिले, वाटेत वाईट हवा लागली, आणि ताप उलटला.

२५ एप्रिल १७६३ रोजी स्टोन ह्यांनी ही सर्व हकीगत रॉयल सोसायटीचे अध्यक्ष अर्ल ऑफ मॅक्लसफील्ड ह्यांस पत्राने कळविली. ते पत्र सोसायटीपुढे वाचले गेले व तिच्या ग्रंथमालेत छापले गेले. टॅल्बरप्रमाणे औषध गुप्त ठेवून पैसा मिळविण्याचा विचार त्यांनी केला नाही. झाडाची जात, पुडीचा रंग, वाळविण्याची रीत, प्रमाण, सर्व काही उघड लिहिले. आणि इतरांनी निरनिराळ्या प्रसंगी व स्थळी ह्या सालीची पूर्ण परीक्षा करावी अशी इच्छा प्रकट केली.

आता ह्या परीक्षेत उणे काय होते ते पाहू. विलोच्या सालीत सॅलिसिन नावाचा कडू पदार्थ असतो. तो पोटात गेल्यावर त्यापासून सॅलिसिलिक आम्ल होते, आणि ते ताप उतरविते व ठणका कमी करिते. हिवतापाचे जंतू मात्र रक्तातील तांबड्या पेशींत राहतात, तेथेच वाढतात, आणि एक किंवा दोन दिवस मध्ये टाकून पेशी फोडून बाहेर पडतात; त्याच वेळी रोग्यास थंडी वाजते. सॅलिसिन ह्या जंतूंस मारीत नाही. सिंकोनाच्या सालीतील क्विनाईन, ज्यास आपली जुनी माणसे कोयनेल म्हणत, ते जंतूंस मारते. दोन्ही कडू खरी. पण त्यांचे नाते जिभेवरचे आहे, त्यापलीकडे काही नाही.

मग ते पन्नास लोक बरे कसे झाले? इंग्लंडातील एकांतरा ताप बहुतेक अशा जातीचा होता की जो मनुष्यास फारसा मारीत नाही, आणि काही आठवडे पाळ्या देऊन पुष्कळदा आपोआप मंदावतो. शिवाय ह्या जातीचे काही जंतू यकृतात दडून बसतात, आणि महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. मधल्या काळात रोगी बरा झाला असेच वाटते. स्टोन ह्यांच्याकडे साल न घेतलेल्या रोग्यांची गणती नव्हती. साल घेतलेल्या पंचवीस आणि न घेतलेल्या पंचवीस रोग्यांची तुलना त्यांनी केली असती, तर भेद दिसला असता. असे करणे त्या काळी अशक्य होते असेही नाही. १७४७ साली जेम्स लिंड ह्या नौकावैद्याने स्कर्व्ही रोगाने आजारी असलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस वेगळे औषध दिले होते, आणि संत्री व लिंबे ज्यांस मिळाली तेच लवकर उठले. ही हकीगत लिंडने १७५३ साली छापली होती.

आमच्या मते स्टोन ह्यांच्या पत्रातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्या थोड्या अपयशांची नोंद. चातुर्थिक तापाचे जंतू उपचारावाचून वर्षानुवर्षे रक्तात राहू शकतात. तो ताप ह्या एकांतऱ्याप्रमाणे सहज मंदावत नाही. म्हणजे जेथे निसर्गाचे साहाय्य नव्हते, नेमकी तेथेच साल उघडी पडली! आणि पाचवा हिस्सा सिंकोना घालताच ताप गेला, तेव्हा बहुतेक सर्व काम त्या पाचव्या हिश्श्यानेच केले असावे. उत्तर त्यांच्या हातात आले होते. रोगी कण्हत असता परीक्षा पुढे चालू ठेवावी हे कोणा दयाळू मनुष्यास आवडणार नाही, आणि त्यांनी सिंकोना दिली हे योग्यच केले. पण चार हिस्से विलो काढून नुसता तो पाचवा हिस्सा देऊन पाहावा, हे त्यांस सुचले नाही.

पुढील इतिहास थोडक्यात असा. १८२० साली पॅरिस येथे पेलेतिये व काव्हाँतू ह्या दोघांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाईन वेगळे काढिले. १८२८ साली म्युनिक येथे बूख्नर ह्यांनी विलोच्या सालीतून सॅलिसिन काढिले, आणि १८३८ साली पिरिया ह्यांनी त्यापासून सॅलिसिलिक आम्ल बनविले. १८७६ साली स्कॉटलंडातील डंडी येथील डॉ. मॅक्लेगन ह्यांनी सॅलिसिन संधिवाताच्या तापावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. मौज अशी की, तेही स्टोन ह्यांच्याच वाटेने तेथे पोचले होते. संधिवात ओलसर जागी, तर औषधही ओलसर जागी वाढणाऱ्या झाडात असेल, असा त्यांचा तर्क होता. १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हॉफमन ह्यांनी त्या आम्लाचे सौम्य रूप तयार केले, आणि १८९९ साली अ‍ॅस्पिरिन हे नाव त्यास मिळाले. अशा रीतीने पाळीच्या तापावर निरुपयोगी ठरलेली साल दुसऱ्या मार्गाने जगाच्या उपयोगी पडली.

हिवतापाचे जंतू १८८० साली लाव्हराँ ह्यांनी आल्जीरियात रोग्याच्या रक्तात पाहिले, आणि १८९७ साली रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबाद येथे ते डासाच्या पोटात शोधून काढिले. त्यानंतर औषधी झाडपाल्याची परीक्षा करण्याची रीत पालटली. आता ताप उतरला का एवढेच विचारीत नाहीत. रक्तातील जंतू कमी झाले का, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. १९७६ साली ट्रेगर व जेन्सन ह्यांनी हिवतापाचे अतिशय घातक जंतू काचपात्रात मनुष्याच्या रक्तपेशींवर सतत वाढविण्याची युक्ती काढिली. तेव्हापासून एखाद्या मुळीचा अर्क प्रथम त्या पात्रात घालून पाहतात, मग उंदरांवर, आणि तेथे टिकला व विषारी न ठरला तरच मनुष्यावर. चीन देशात तू यूयू ह्या बाईंनी जुन्या औषधांतून असाच शोध केला. चौथ्या शतकातील को हुंग ह्यांच्या ग्रंथात एका वनस्पतीचा रस पाण्यात पिळून घेण्यास सांगितले होते. त्यावरून उकळल्याने गुण जात असावा असे त्यांनी ताडले, आणि कमी उष्णतेत अर्क काढिला. १९७१ साली त्या अर्काने उंदरांच्या रक्तातील जंतू पूर्ण नाहीसे केले. आज घातक हिवतापावर दिली जाणारी मुख्य औषधे त्यापासूनच निघाली आहेत. ह्या कामाबद्दल तू यूयू ह्यांस २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडील काडेकिराईत, कडुनिंब, गुळवेल हीही कडू आहेत, आणि कडू म्हणून तापावर दिली जातात. सातविणीच्या सालीस तर हिवतापाचे औषध म्हणून मोठी कीर्ती होती. प्रयोगशाळेत जंतूंवर तिचा प्रभाव फारच थोडा आढळला. ह्यावरून आजीबाईंच्या बटव्यातील सर्वच टाकाऊ ठरत नाही, कारण चिनी वनस्पतीही अशाच एका जुन्या बटव्यातून निघाली. पण काढ्याने किंवा गोळीने घाम येऊन ताप उतरला, म्हणून रक्तातील जंतू गेले असे समजणे धोक्याचे आहे. घातक जातीचा हिवताप मेंदूपर्यंत पोचून थोड्या दिवसांत मनुष्यास मारू शकतो. आशा कार्यकर्तीकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातील थेंबभर रक्तावर तपासणी होते, आणि सरकारी औषध फुकट मिळते. ते जितके दिवसांचे सांगितले असेल तितके दिवस घ्यावे लागते, कारण यकृतात दडलेल्या जंतूंवरील गोळ्या १४ दिवसांपर्यंत चालतात. आणखी असे की, तापाचे कारण कळण्यापूर्वी अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, व लहान मुलांस तर मुळीच देऊ नये. ताप डेंग्यूचा असल्यास त्याने रक्तस्रावाचे भय वाढते.

स्टोन ह्यांस ह्यांतले काही पाहावयास मिळाले नाही. पत्र छापल्यानंतर पाच वर्षांनी, १७६८ च्या नोव्हेंबर महिन्यात ते वारले, व बकिंगहॅमशायरमधील हॉर्सेंडन येथे त्यांस पुरण्यात आले. छापणाऱ्यांच्या चुकीने सोसायटीच्या ग्रंथात त्यांचे नाव एडवर्डऐवजी एडमंड असे पडले होते. त्याच नावाचे एक स्कॉटिश गणिती त्या काळी होते, एके काळी ते सोसायटीचे सभासद होते, आणि तेही १७६८ सालीच वारले. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे लेखकांचा गोंधळ होत राहिला. मूळ पत्र रॉयल सोसायटीच्या संग्रहात आहे, आणि त्यावरील सही एडवर्ड स्टोन अशीच आहे.